इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा आहे, पण पाठ केलेले शब्द टिकत नाहीत

द्राक्षवेल | सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

माझी शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची, निफाड तालुक्यातली. बी.एस्सी. नाशिकला केलं. गेली नऊ वर्षं सातपूरच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. रोजचं काम इंग्रजीतच चालतं. मेल, अहवाल, ऑडिटची उत्तरं सगळं लिहिते आणि काम अडत नाही. पण माझं इंग्रजी गेली पाच-सहा वर्षं एकाच जागी उभं आहे. गुड, बॅड, प्रॉब्लेम, इम्पॉर्टंट, व्हेरी. यांच्या पलीकडे हात जातच नाही. समोरच्याचा अहवाल वाचताना शब्द कळतो, पण स्वतः लिहायला बसले की तो सुचत नाही.

गेल्या दिवाळीत ठरवून एक शब्दांचं पुस्तक आणलं. रोज १५ शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. चार महिने एक दिवस न चुकता केलं. दोन वह्या भरल्या. परवा त्यातली सुरुवातीची पानं झाकून स्वतःची परीक्षा घेतली तर चारातला एक शब्दही धड आठवेना.

त्याहून मनाला लागलेली गोष्ट वेगळीच. एका ऑडिटच्या उत्तरात मी लिहिलं की यंत्रातला दोष ॲमेलिओरेट केला. वहीत अर्थ होता ‘सुधारणे’. बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं गेलं, तुम्हाला रेक्टिफाय म्हणायचंय का? आणि पुढे, साधं लिहा, उगाच मोठे शब्द कशाला. त्या दिवसापासून वही उघडलेली नाही.

मला खरंच शिकायचंय. वय ३२. कुठे चुकतंय ते कुणी सांगेल का?

सातपूर_दुसरीपाळी | सोमवार, रात्री १०.५५

ताई, ॲंकी नावाचं ॲप घ्या, अँड्रॉइडवर फुकट आहे. शब्दांचे पत्ते (कार्डं) बनवायचे, तेच ठरवतं कोणता शब्द आज दाखवायचा. मी बसमध्ये करतो. रोज ५० शब्द होतात आरामात.

जुना_वाचक | मंगळवार, सकाळी ७.१०

द्राक्षवेल, तुमचं पत्र वाचून राहवलं नाही. मी ३४ वर्षं महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. चार महिने एकही दिवस न चुकवणारा विद्यार्थी मला फार थोड्या वेळा भेटला. तुमची मेहनत कमी पडलेली नाही, पद्धत चुकली आहे, आणि ती तुम्हाला पुस्तकानेच शिकवली.

आधी विसरण्याबद्दल. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते छापले. पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्या दिवसातच गळून जातं, मग गळती मंदावत जाते. तो निरर्थक अक्षरं का घ्यायचा? अर्थाचा आधार मिळू नये म्हणून. आता तुमची वही बघा. एकीकडे ॲमेलिओरेट, दुसरीकडे ‘सुधारणे’. मागेपुढे काहीही नाही. म्हणजे नकळत तुम्ही रोज एबिंगहाउसचाच प्रयोग करत होतात.

आता बैठकीतल्या प्रसंगाबद्दल. तिथे शब्द मोठा होता म्हणून चूक झाली नाही. ॲमेलिओरेट या शब्दाला कंडिशन्स, सफरिंग, पॉव्हर्टी असले शेजारी लागतात. एखादी वाईट परिस्थिती थोडी सुसह्य करणं, असा त्याचा भाव आहे. परिस्थिती पूर्ण बरी झाली असा दावा त्यात नसतो. यंत्रातला दोष मात्र दूरच करावा लागतो, म्हणून तो रेक्टिफाय होतो. ऑडिट करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. दोष ॲमेलिओरेट केला म्हटलं की त्याला वाटणार, थोडा शिल्लक ठेवलाय.

जे. आर. फर्थ नावाचे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ १९५७ मध्ये म्हणाले होते की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आपल्या ‘कडक’चंच घ्या. कडक चहा, कडक ऊन, कडक शिस्त, कडक इस्त्री. कुणी न शिकवता आपल्याला हे येतं. इंग्रजीत चहा स्ट्राँग, ऊन स्कॉर्चिंग, शिस्त स्ट्रिक्ट आणि इस्त्रीचा कपडा क्रिस्प. वहीत ‘कडक म्हणजे स्ट्राँग’ एवढंच लिहिणारा पुढे इस्त्रीच्या शर्टालाही स्ट्राँग शर्ट लिहिणार. उलट बाजूनेही तेच. पाऊस हेवी, वाहतूकही हेवी, आणि फार सिगारेट ओढणारा माणूसही हेवी स्मोकर. मराठीत तिघांना तीन विशेषणं लागतील.

तेव्हा वही उघडा. फक्त उजवीकडचा मराठी अर्थ थोडे दिवस झाका आणि तिथे त्या शब्दाचे तीन शेजारी लिहा.

पंचवटीची_पायरी | मंगळवार, दुपारी १.३०

जुना_वाचक सरांना अनुमोदन. माझा विषय संस्कृत, म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते.

मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला वाटतं की आपण रिकाम्या हाताने इंग्रजीत उतरलो. असं नाही हो. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स या ब्रिटिश न्यायाधीशांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात. इंग्रजीतले जड वाटणारे बहुतेक शब्द लॅटिन-ग्रीकमधून आलेले आहेत. म्हणजे ते आपल्या तत्सम शब्दांचे चुलतभाऊ झाले.

द्राक्षवेल, तुमच्या घरी बैल असतील किंवा कधीकाळी असतील. त्यांच्या मानेवरचं जू. संस्कृत युग, त्याचं मराठीत जू. लॅटिनमध्ये युगुम, इंग्रजीत योक. आता सब्जुगेट हा शब्द बघा. सब म्हणजे खाली, जुग म्हणजे जू. एखाद्याला जुवाखाली आणणं. कॉन्जुगल म्हणजे दांपत्याचं, दोघं एका जुवाला जोडलेली. हे दोन शब्द मी विद्यार्थ्यांना एकदा सांगते, पुन्हा सांगावे लागत नाहीत.

आणखी थोडे. आपल्या नकाराचा नियम आठवा. व्यंजनाआधी ‘अ’, स्वराआधी ‘अन्’. अधर्म, पण अनादर. ग्रीकमध्ये हुबेहूब हाच नियम आहे. म्हणून एटिपिकल, पण ॲनार्की. अज्ञेय आणि ॲग्नॉस्टिक तर जुळे शोभतात, नकारही तोच आणि ज्ञा धातूही तोच. अमृत आणि इम्मॉर्टल यांचंही तसंच.

जन् धातूवरून आपल्याकडे जन्म, जनक, प्रजा. तिकडे जेनेसिस, प्रोजेनी, इंडिजिनस. ‘सहज’ शब्द फोडा. सह अधिक ज, सोबत जन्मलेलं. डॉक्टर कॉन्जेनिटल म्हणतात त्याचीही बांधणी अगदी हीच आहे, जन्मासोबत आलेलं. आपला शब्द स्वभावाकडे वळला, त्यांचा आजाराकडे. वाच् म्हणजे वाणी, लॅटिनमध्ये व्हॉक्स. त्यावरून ॲडव्होकेट, व्होसिफरस आणि इक्विव्होकल. या शेवटच्या शब्दात दोन सारखे आवाज आहेत, म्हणून तो संदिग्ध. स्था धातूवरून स्थिर, स्थान आणि स्थिती, तिकडे स्टेबल, स्टॅटस, कॉन्स्टंट, ऑब्स्टॅकल. नामावरून नॉमिनल, नॉमिनेट आणि इग्नॉमिनी, म्हणजे ज्यात नावच जातं.

आणि देवाणघेवाण एकाच दिशेची नाही. मुंगूस इंग्रजीत मोंगूस झालं ते आपल्या मराठीतूनच. लूट तिकडे गेली ती हिंदीतून.

एक सावधगिरी मात्र हवी. पेडेस्ट्रियनमधलं ‘पेड’ म्हणजे पाय, आपलं पद. पण पेडियाट्रिशियनमधलं ‘पेड’ ग्रीक आहे, त्याचा अर्थ मूल. तसंच ‘इन’ दिसला की अर्थ सरळ उलटा झाला असं समजू नका. इनफ्लेमेबल वस्तू पेट घेते, आणि इनव्हॅल्युएबल वस्तूचं मोल करता येत नाही इतकी ती मोलाची असते. मूळ सापडलं तर शब्द लक्षात राहायला मदत होते. अर्थ मात्र कोशातूनच पक्का करायचा.

गंगापूररोडवासी | मंगळवार, दुपारी २.०५

पंचवटीची_पायरी, जूचं वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

अंबड_लिंकरोड | मंगळवार, रात्री ९.४०

सगळं छान आहे, पण खरं बोलू का? हा अभ्यास आपल्याला बत्तिसाव्या वर्षी करावा लागतोय याचं कारण मराठी माध्यम. माझ्या ऑफिसातली कॉन्व्हेंटची मुलं हे शब्द श्वासासारखे वापरतात. मी मुलाला इंग्रजी शाळेत घातलंय आणि घरातही इंग्रजीच बोलतो. त्याला मुळं शोधत बसायला नको.

पंचवटीची_पायरी | मंगळवार, रात्री १०.१५

दादा, तुमची कळकळ समजते. मुलाला कुठे घालायचं हा तुमचा निर्णय. पण घरातली मराठी बंद करू नका, एवढं आग्रहाने सांगते. तुम्ही घरी जी इंग्रजी बोलाल ती आपण ऑफिसात वापरतो तीच असणार, मोजक्या शब्दांची. मराठीत तुम्ही त्याला रुसवा, हट्ट, चिडचिड, तगमग, हुरहुर यांतला फरक सहज शिकवाल. मन बारकाईने बोलायला ज्या भाषेत शिकतं, तिथूनच ती सवय दुसऱ्या भाषेत जाते. तुमच्या घरी ही संपत्ती आहे, ती त्याच्यापर्यंत पोचू द्या.

अंबड_लिंकरोड | मंगळवार, रात्री १०.५०

हुरहुरला इंग्रजीत काय म्हणायचं हे मलाच सांगता येणार नाही. विचार करतो.

द्राक्षवेल | बुधवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना फोन करून जूची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, म्हणजे ते लोकही नांगरतच होते की. बराच वेळ हेच बोलत होतो आम्ही.

सर, दोन प्रश्न आहेत. एकूण किती शब्द लागतात? आणि कोणता शब्द शिकायचा, कोणता सोडायचा हे कसं ठरवू? रोज ५० मला झेपणार नाहीत.

जुना_वाचक | गुरुवार, सकाळी ६.५०

रोज ५० कुणालाच झेपत नाहीत. ॲपवर पत्ते उलटले जातात, पण शब्द हाताशी येत नाही. सातपूर_दुसरीपाळी यांनी रागवू नये. त्यांचं ॲप उत्तम आहे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात पत्त्यांचे कप्पे करायची युक्ती सांगितली. आठवलेला शब्द पुढच्या कप्प्यात जातो आणि उशिरा भेटतो, विसरलेला पुन्हा पहिल्या कप्प्यात येतो. आजची ॲपं याच कल्पनेवर पुढे गेली आहेत. फक्त पत्त्यावर एकटा शब्द घालू नका. ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य घाला आणि शब्दाच्या जागी रिकामी जागा ठेवा. वाचत राहण्यापेक्षा आठवायचा प्रयत्न केला तर आठवड्यानंतर जास्त उरतं, हे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलं आहे.

आता आकडे. मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सर्वसाधारण वापरातल्या सुमारे २,००० शब्दांची यादी केली. ती तुम्हाला पूर्ण येते, यात शंका नाही. २००० साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासविषयक लेखनातले ५७० शब्दगट वेगळे काढले. शैक्षणिक मजकुरातला साधारण दहावा हिस्सा यांनीच भरतो. गट म्हणजे ॲनलाइज, ॲनालिसिस, ॲनालिटिकल मिळून एक. अहवाल लिहिणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी या ५७०वर हात बसवावा. त्यांत दिमाखदार शब्द नाहीत. कन्सिस्टंट, सब्सिक्वेंट, इम्प्लाय, कन्स्ट्रेंट असलेच आहेत. पण तुमचं काम यांच्यावरच चालणार.

शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६च्या हिशोबाने, कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर ८,००० ते ९,००० शब्दगट ओळखीचे असावे लागतात. तेवढे असले की शंभरातले ९८ शब्द कळतात, आणि उरलेले दोन आजूबाजूच्या मजकुरावरून उमगतात. घाबरू नका, हे ओळखण्याचे शब्द आहेत. वापरण्याचे शब्द प्रत्येकाचे यापेक्षा पुष्कळ कमी असतात, मराठीतही. आपण रोज ‘किंकर्तव्यमूढ’ म्हणतो का? पण वाचला की कळतो.

निवडीचा माझा नियम साधा आहे. महिन्याभरात वेगवेगळ्या ठिकाणी तीनदा भेटलेला शब्द वहीत घ्यायचा. एकदाच भेटलेला सोडून द्यायचा, लागणार असेल तर तो परत भेटेल. आठवड्याला सात-आठ शब्द पुरे.

आणि शब्दाचा दर्जा ओळखायला शिका. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबाराची भाषा फ्रेंच झाली. विद्येची लॅटिन होतीच. म्हणून इंग्रजीत एका गोष्टीला तीन-तीन थरांचे शब्द सापडतात. आस्क घरातला, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधून. आपल्याला हे नवीन नाही. विचारणं, चौकशी करणं, पृच्छा करणं. एक घरातला, एक कचेरीतला, एक संस्कृत वळणाचा. शेजाऱ्याला आपण ‘पृच्छा करतो’ म्हणत नाही आणि पोलीस नुसतं ‘विचारत’ नाहीत. हा कान तुमच्याकडे तयार आहे, तोच इंग्रजीला लावा.

नाशिकरोड_आयेल्ट्स | गुरुवार, दुपारी ४.००

सर, मी आयेल्ट्सची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय. लेखन आणि बोलणं दोन्हींत ‘लेक्सिकल रिसोर्स’ला, म्हणजे शब्दसंपत्तीला २५ टक्के गुण आहेत. क्लासमध्ये २०० ‘हाय बँड’ शब्दांची यादी दिलीय, प्रत्येक निबंधात दहा तरी घाला म्हणतात. घालू का?

जुना_वाचक | गुरुवार, सायंकाळी ६.२०

त्या निकषांत कमी वापरातल्या शब्दांचा उल्लेख आहे हे खरं. पण त्याच निकषांत शब्दांची संगत आणि अचूकपणाही तपासला जातो. निबंधात प्लेथोरा, मिरियड आणि पॅराडाइम एकाच परिच्छेदात आले की परीक्षकाला यादी दिसते. अमेरिकेत उच्च शिक्षणाला जाण्यासाठीच्या जीआरई परीक्षेचं उदाहरण बघा. तिथे पूर्वी सुटे विरुद्धार्थी शब्द विचारत. २०११च्या बदलात ते प्रश्न काढून टाकले, आता शब्द वाक्यातच ओळखावा लागतो. दहाऐवजी तीन घाला, पण ज्यांचे शेजारी तुम्हाला ठाऊक आहेत असेच.

शालिमारचा_वाटसरू | गुरुवार, रात्री ८.४५

पुस्तकांचं कुणी बोललं नाही अजून. ताई, सावानाचं सभासदत्व घ्या. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे आपल्या गावात. मी स्वतः डिप्लोमानंतर तिथेच बसून इंग्रजी वाचायला शिकलो. आधी जी गोष्ट मराठीत वाचलीय तीच इंग्रजीत घ्यायची. कथा माहीत असते, त्यामुळे सगळं लक्ष शब्दांवर राहतं. आणि इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या, खास शिकणाऱ्यांसाठी केलेला. त्यात अर्थ दोन-तीन हजार सोप्या शब्दांतच समजावतात, आणि प्रत्येक अर्थाखाली वाक्य असतं.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही कधीतरी उघडून बघा. पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. एका इंग्रज माणसाने आपल्या शब्दांसाठी किती बारीक इंग्रजी वापरलीय ते वाचताना वेळ कसा जातो कळत नाही. अंबड_लिंकरोड, तुमची ‘हुरहुर’ तिथे शोधा.

सातपूर_दुसरीपाळी | गुरुवार, रात्री ११.५०

राग कसला सर. आजच ५०चे १० केले. वाक्यं भरतोय.

एक शंका. आमच्याकडे सगळे ‘डिस्कस अबाउट’ लिहितात. चूक आहे का?

जुना_वाचक | शुक्रवार, सकाळी ७.००

हो. डिस्कसच्या पोटात ‘विषयी’ आधीच आहे, म्हणून डिस्कस द इश्यू एवढंच. आपण ‘विषयावर चर्चा’ म्हणतो, त्यातला ‘वर’ तिकडे जातो. ‘रिव्हर्ट’चंही लक्षात ठेवा. भारतात तो ‘उत्तर देणे’ म्हणून चालतो, पण बाहेरच्या वाचकाला त्यातून ‘पूर्वस्थितीला जाणे’ असं कळू शकतं. परदेशी ग्राहकाला मेल असेल तर रिप्लाय लिहा.

द्राक्षवेल | २६ दिवसांनी

धागा वर काढतेय, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नवी वही केली. २६ दिवसांत २९ शब्द. प्रत्येक शब्द आमच्याच अहवालांत किंवा ऑडिटच्या कागदांत तीनदा भेटलेला. चार शब्दांचं एक पान इथे लिहिते, कारण त्या चौघांसमोर माझ्या जुन्या वहीत एकच अर्थ होता, ‘सुधारणे / कमी करणे’.

रेक्टिफाय: एरर, डिफेक्ट, ओमिशन. पूर्ण दुरुस्त.
मिटिगेट: रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज. धोका राहतो, पण त्याची झळ कमी होते.
ॲलिव्हिएट: पेन, सिम्प्टम्स, कंजेशन. त्रास हलका होतो, कारण तसंच राहू शकतं.
ॲमेलिओरेट: कंडिशन्स, सफरिंग. परिस्थिती आधीपेक्षा बरी.

हे लिहिताना कळलं की आमच्या विभागाचं अर्धं काम या चार शब्दांमधल्या फरकातच आहे. दोष गेला, की धोका कमी झाला, की नुसता त्रास हलका झाला? गेल्या आठवड्यात एका अहवालात मी लिहिलं की दोष रेक्टिफाय केला आहे आणि तो परत येण्याचा धोका मिटिगेट केला आहे. बैठकीत कुणी काही विचारलं नाही, पुढच्या मुद्द्यावर गेले. मला मात्र दिवसभर बरं वाटत होतं.

सर, आता एक अडलंय. स्ट्रिंजंट आणि रिगरस दोन्ही सारखे भेटतात. दोन्हींचा अर्थ कोशात ‘कडक’च्या जवळच जातो.

जुना_वाचक | त्याच रात्री, ९.१५

स्ट्रिंजंटचे शेजारी रूल्स, लिमिट्स, कंट्रोल्स, रिक्वायरमेंट्स. मूळ लॅटिन धातूचा अर्थ आवळून बांधणं, म्हणून जिथे सूट नाही तिथे तो. रिगरसचे शेजारी टेस्टिंग, ॲनालिसिस, ट्रेनिंग. तिथे कसून, काहीही न सोडता केलेलं काम असतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर मर्यादा स्ट्रिंजंट आणि तपासणी रिगरस. दोन्ही एकाच वाक्यात बसवून उद्या इथे लिहा.